पोतंभर आरोग्य

आमच्या सोसायटीतले घाऊककाका ‘किरकोळ’ हा शब्द, जुन्या काळी लोक ‘क्षय’ हा शब्द उच्चारत तसा, आवाज खाली आणून उच्चारतात. कुणी वाण्याकडून पाव किलो पोहे आणताना दिसला की त्यांना त्याची मनापासून कीव येते. त्यांच्या घरी पाहुण्यांना बसायला दिवाण आहे, पण त्याच्या पोटात खपली गव्हाचा एक कट्टा, पंधरा किलो जवस आणि मागच्या आरोग्यलाटेतून उरलेला नाचणीसत्त्वाचा साठा आहे. पाहुणा बसला की खालून काहीतरी कुरकुरतं.

फाल्गुनात काकांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल वाढलेलं. काकूंना वाटलं, आता तरी संध्याकाळची भजी सुटतील. काका उठले आणि मार्केट यार्डात गेले.

‘‘ओटचा कोंडा पाहिजे, पोतंभर.’’

भुसार विभागातल्या व्यापाऱ्याने आदराने विचारलं, ‘‘गाई किती आहेत साहेब?’’

तीन गाळे फिरून, बेकरीवाल्यांना माल पुरवणारा एक जण त्यांनी गाठला आणि पंचवीस किलोची गोण घरी आली. लिफ्टमध्ये गोण उभी आणि काका तिला मिठी मारून तिरके, अशी वरात मी पाहिली. माझ्या तळहातावर चिमूटभर टाकत म्हणाले, ‘‘खा.’’ फिकट बदामी रंगाचा भरडा. जिभेवर पहिल्यांदा लाकडाचा भुसा, आणि मग थोड्या वेळाने खळ.

‘‘चिकटला ना?’’ काकांचे डोळे चमकले. ‘‘तोच बीटा-ग्लुकन! पोटात फुगतो, पित्ताला धरतो आणि बाहेर घेऊन जातो. मग यकृताला नवं पित्त बनवायचं तर कच्चा माल कुठून आणणार? रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलायचं! सगळा मागणी-पुरवठा आहे रे.’’

शास्त्र बरोबर होतं, हे कबूल केलं पाहिजे. ओटमधल्या या विरघळणाऱ्या तंतूचे दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेले तर हृदयरोगाचा धोका कमी होऊ शकतो, असं पाकिटावर छापायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली परवानगी दिली. काका ते साल आपल्या लग्नाच्या सालापेक्षा ठामपणे सांगतात. त्याच वाक्यात ‘आहारात संपृक्त चरबी आणि कोलेस्टेरॉल कमी असेल तर’ अशी अट आहे, ती मात्र सांगत नाहीत. तिकडे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी याच कोंड्याचं वेड लागलं होतं आणि १९९० साली एका अभ्यासाने त्यातली हवा काढली होती, हेही नाही. हे मी सांगितलं तेव्हा ते साजूक तुपात खमंग भाजलेलं कोंड्याचं धिरडं खात होते.

धिरडं झकास होतं, हेही कबूल. थालीपिठात मूठभर पडला तर कुणाला कळत नाही. घोटाळा झाला तो आमटीत. काकांनी दोन डाव कोंडा ढवळला, पाच मिनिटांत पळी आमटीत सरळ उभी राहिली. काकूंनी पातेलं शांतपणे त्यांच्यासमोर ठेवलं आणि आपल्यापुरता ताकभात कालवला.

खरी अडचण हिशेबाची होती. ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनसाठी साधारण ५५ ग्रॅम कोंडा लागतो. पंचवीस किलो म्हणजे एका माणसाचे साडेचारशे दिवस. गोणीवरची मुदत सहा महिन्यांची. ओटमध्ये गव्हापेक्षा स्निग्धांश जास्त, त्यामुळे उकाड्यात तो खवट होतो. तेव्हा काकूंची संमती गृहीत धरली गेली. तरी दोघांना मिळून दोनशे सत्तावीस दिवस लागणारच होते. मग दुपारी सोसायटीत बेल वाजू लागली.

‘‘किती घेऊ तुझ्यासाठी? दोन किलो? किलोमागे ऐंशी रुपये वाचतात.’’

‘‘काका, मला कोलेस्टेरॉल नाही.’’

‘‘होईल रे. तेव्हा किरकोळीत घेणार का?’’

मला तेव्हा उमगलं की काकांचं हृदय हे निमित्त होतं. ते ऐंशी रुपये वाचले तेव्हाच त्यांना बरं वाटलं होतं. खाणं हा नंतरचा उपचार.

माझी आई पीठ चाळून कोंडा गवळ्याच्या म्हशीसाठी बाजूला ठेवायची. कुरडयांचा चीक काढून उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या मात्र ती टाकू देत नसे. कोंड्याचा मांडा करणं म्हणजे काय, ते त्या घरांना माहीत होतं. काकांनी मांड्याचे पैसे मोजून कोंडा आणला.

आषाढात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा दिवाण उघडा होता. गोणीला जाळी धरली होती. हॉलभर वर्तमानपत्रं अंथरून काका मधोमध बसले होते, केसांत, भुवयांवर कोंडा. काकू मैद्याची चाळणी घेऊन आल्या, मूठभर माल त्यात घेतला आणि क्षणभर हात थांबवला.

‘‘अहो, आजवर पीठ चाळलं की वरचं टाकलं आणि खालचं ठेवलं. आता यातलं नेमकं काय ठेवायचं?’’

काकांनी चाळणीत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

‘‘तुझे ते दोन किलो,’’ ते म्हणाले, ‘‘चाळून देऊ की तसेच?’’