भाऊ कधी हरत नाही

अमरावतीत राजापेठ, साईनगर, गाडगेनगर, कोणत्याही गल्लीतून रात्री दहानंतर चक्कर मारा. एखाद्या खिडकीतून आरोळी येईलच : "अबे मार ना त्याले! मागून येऊन राह्यला!" भांडण सोडवायला धावू नका. आत आपला भाऊ गादीवर आडवा पडलेला असतो आणि ज्याच्या मागून कोणी येऊन राह्यलं, तो अकोल्याच्या जठारपेठेत असाच आडवा पडलेला त्याचा मावसभाऊ असतो.

भाऊ म्हणजे कोणी एक नाही. वय चोविसाच्या आसपास, डिग्री झालेली, 'तयारी' चालू. कशाची, ते पाहुणे विचारतात. घरचे आता विचारत नाहीत.

भाऊचा मोठा गुण असा की तो आजवर एकदाही हरलेला नाही. बीजीएमआय या फोनवरच्या खेळात शंभर जण विमानातून छत्री घेऊन बेटावर उतरतात, एकमेकांना टिपतात आणि शेवटी एक चमू उरतो. त्या उरलेल्यांत भाऊ क्वचितच असतो. पण त्याला हरणं म्हणत नाहीत. "पिंग गेला," तो सांगतो. फोनचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागतो तो वेळ म्हणजे पिंग. आकडा हिरवा असला की भाऊ शूर, लाल झाला की हुतात्मा. भाऊच्या पडद्यावर गोळी आधी भाऊनंच मारलेली असते. सर्व्हरचं म्हणणं वेगळं पडतं. अशा खटल्यात अपील कुठं करायचं?

उन्हाळ्यात कारणांचं पीक जोरात येतं. पारा पंचेचाळीसवर गेला की फोन तापतो, पडद्याचा उजेड आपोआप उतरतो आणि गवतात लपलेला माणूस भाऊला दिसत नाही. म्हणून भाऊ कूलरच्या थेट तोंडाशी बसतो. तिथं ओलसर हवेनं अंगठे घसरतात. मग अंगठ्यांना पावडर. पावडरनं काच पांढरी होते, म्हणून बोटांना चढवायच्या कापडी टोप्या मागवल्या. आजीनं पहिल्यांदा त्या पाहिल्या आणि हळदीची वाटी घेऊन आली. "पोट्ट्याचे दोन्ही अंगठे चेंबटले वाट्टे." त्यात लाईन गेली की फोन चालू राहतो, पण वायफायचा डबा झोपतो आणि कूलरही. अशा वेळी मेलं तर ते धरायचंच नाही, हा भाऊच्या घरचा कायदा आहे.

वडिलांचा आक्षेप वेगळा आहे, आणि तो गंभीरपणे घ्यावा असा आहे. ते स्वतः नव्वदच्या दशकात तासाच्या भाड्यानं व्हिडिओ गेम आणून मारिओ आणि काँट्रा खेळलेले. '९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट, आत खरे गेम बोटांवर मोजण्याइतके आणि पुढं तेच ते. चालली नाही की काढून फुंकर मारायची. पण त्या यंत्राच्या रिमोटवर 'स्टार्ट' नावाचं बटण होतं. ते दाबलं की सगळं थांबायचं.

"मारिओले हवेत लटकवून मी दळण आणलं आहे," ते म्हणतात. "अन् यायले एक मिनिट थांबता येत नाही!"

"बाबा, हे ऑनलाइन आहे. थांबत नसते."

"काहून नाही थांबत? बटण दाब."

या दोन पिढ्यांचं भांडण पैशावरून नाही, लग्नावरून नाही, त्या एका बटणावरून आहे. पलीकडं नव्व्याण्णव जण आहेत आणि त्यांच्या घरचं दळण आज नाही, हे वडिलांना पटत नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही.

तशी बाहेरची दुनिया गेममध्ये घुसतेच. एका उन्हाळ्यातलं शेवटचं वर्तुळ, म्हणजे बेट आकसत आकसत उरलेली शेवटची जागा. तीन शत्रू उरलेले, गव्हाच्या शेतात भाऊ पालथा आणि डावीकडं दगडामागं अकोल्याचा मावसभाऊ. अकोल्यात नळ रोज येत नाहीत, काही दिवसांआड येतात, आणि येण्याआधी कोणाला विचारत नाहीत. माइक चालू होता. आधी मावशीचा आवाज आला, "नळ आलेऽऽ!" मग धप्पकन फोन पडल्याचा, मग मोटारचा घर्रर्र. पडद्यावर मावसभाऊ दगडामागून उठला आणि तसाच उभा राहिला.

"अबे खाली बस! अबे हल ना बे! मावशी, त्याले द्या ना जरा!"

माइकमधून ड्रम भरल्याचा आवाज येत राहिला. त्याला एका शत्रूनं इतक्या सावकाश मारलं, की त्यालाही शंका आली असावी. पुढची गोळी भाऊला. दहा मिनिटांनी मावसभाऊ ओल्या हातानं परत आला आणि विचारलं, "जिंकलो का?"

जून २०२२ मध्ये याच दोघांच्या मधल्या महामार्गावर पंच्याहत्तर किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीजमध्ये नोंद झाली. तेवढ्याच दिवसांत भाऊ खेळातल्या 'क्राउन' पायरीवरून वरच्या 'एस'वर चढायला निघाला होता. तो खालच्या 'डायमंड'मध्ये उतरला. सगळंच अंतर पुढं जायचं नसतं.

सरकारनंही त्याला छळलं. २ सप्टेंबर २०२० ला ११७ इतर ॲपांबरोबर पबजीवर बंदी आली. तेव्हा आईनं देवापुढं साखर ठेवली. पुढल्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय नावानं आला, आणि २८ जुलै २०२२ ला तोही ॲपच्या ऑनलाइन दुकानांतून नाहीसा झाला. मात्र ज्याच्या फोनमध्ये आधीपासून होता, त्याला खेळता येत होतं. इथून भाऊच्या फोनचं सोवळं सुरू झालं. काच तडकलेली, बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं, पण बदलायचा नाही. मोबाइल दुकानदार सहज म्हणाला, "फॉरमॅट मारून देऊ का?" भाऊनं त्याच्या हातातून फोन असा हिसकावला की बाकीची गिऱ्हाइकं आपापले खिसे चाचपू लागली. बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो जागा नाही म्हणून त्यात मावले नाहीत. ते वडिलांच्या फोनमध्ये गेले. बहीण अजून बोलत नाही.

मे २०२३ मध्ये खेळ परत आला आणि घरच्यांनी, कंटाळून म्हणा, एकेक कारण बुजवायला घेतलं. वडिलांनी फायबरची जोडणी आणली. मग इन्व्हर्टर. दिवाळीत नवा फोन, तापत नाही असा. अकोल्याला मावशीच्या गच्चीवर मोठी टाकी बसली. आजीनं अंगठ्यांच्या टोप्या स्वतः धुऊन वाळवल्या.

मग एका रात्री पिंग हिरवा, लाईन चालू, हवा थंड. भाऊ उतरला, दोन मिनिटांत आडवा झाला. घर गप्प. वडील चष्मा पुसत मागं उभे होते, मुद्दामच.

"आता काय झालं?"

भाऊनं नवा फोन उलटसुलट करून पाहिला.

"लय फास्ट आहे बाबा हा. हातच बसून नाही राह्यला."