हो हो, पण नाव काय?

लग्नाआधी मी ओक होते, लग्नानंतर नेने झाले. दोन अक्षरं गेली, दोन आली. डोंबिवलीत असेपर्यंत हा हिशेब चोख होता. मग नवऱ्याला दक्षिण कोरियात नोकरी लागली, आम्ही सोलच्या दक्षिणेला सुवॉन नावाच्या शहरात बाराव्या मजल्यावर राहायला गेलो, आणि पहिल्याच आठवड्यात लेकाचा कान ठणकायला लागला. मी चार कोरियन वाक्यं कागदावर देवनागरीत लिहून घेतली आणि जवळच्या दवाखान्यात फोन लावला.

"नाव काय?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"नेने."

"ने. नाव?"

"नेने."

"ने, ने. नाव सांगा."

"ने. ने." मी अक्षरं सुटी करून सांगितली.

"ने?" ती म्हणाली, आणि दोन्हीकडे शांतता पसरली.

कोरियन भाषेत 'ने' म्हणजे हो. 'ने, ने' म्हणजे हो हो, कळलं. आणि तोच 'ने' आवाज चढवून म्हटला की अर्थ होतो, काय म्हणालात? म्हणजे त्या बिचारीने मला तीनदा नाव विचारलं होतं आणि मी तिन्ही वेळा उत्साहाने 'हो हो' म्हटलं होतं. शेवटी लेकाला उचललं आणि नेलं. नेलं, म्हणजे तिथेही 'ने' सुटलं नाहीच.

नवऱ्याच्या ऑफिसात याहून मजा. त्याने पहिल्या दिवशी उभं राहून "नेने" म्हटलं, तर समोरचे सात जण मान डोलावून "ने" म्हणाले. आपलं नाव एवढ्या आदराने कुणी घेत नाही, असं त्याला दोन महिने वाटत होतं. मी ते वाटू दिलं. लेक तर पहिल्या दिवशी शाळेतून आला तोच डोळे विस्फारून. "आई, माझ्या वर्गात सगळे आपलेच आहेत. बाईंनी नाव घेतलं की प्रत्येक जण अर्धं आडनाव सांगतो."

खरा कहर कोंबडीने केला. 'नेने चिकन' नावाची तळलेली कोंबडी विकणारी मोठी कंपनी कोरियात आहे आणि तिची दुकानं जागोजाग दिसतात. आमच्या घराण्यात अंडंसुद्धा बाहेरच्या बाहेर खाऊन यायची पद्धत आहे. ऑक्टोबरात सासूसासरे आले, तेव्हा विमानतळाच्या बसमधून उतरून बॅगा ओढत घरी येताना आप्पा एकदम थांबले. समोर पाटी. आप्पांनी रोमन अक्षरं एकेक करून वाचली.

"आपल्यातलं कोण गं इथे?"

"आणि तेही कोंबडीच्या धंद्यात?" आईंनी पदर सावरला.

नवऱ्याने समजावून सांगितलं की ते 'हो हो चिकन' आहे. पण तोवर आप्पा पाटीखाली उभे राहिले होते. त्यांचा फोटो रात्रीच 'नेने परिवार' ग्रुपवर गेला. गुहागरच्या काकांनी 'शिव शिव' लिहिलं, आणि दहा मिनिटांनी मला वेगळा मेसेज करून फ्रँचायझी केवढ्याला मिळते ते विचारलं.

आता आप्पा. कोरियात मुलं वडिलांना 'आप्पा' म्हणतात. थेट आपला आप्पा, त्याच ठसक्यात. हे मला माहीत होतं, पण आप्पांना सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही ग्वांगग्यो तलावाच्या बागेत गेलो. बाकावर टेकतात न टेकतात तोच मागून एक चिमुरडी किंचाळली, "आप्पाऽऽ!" आप्पा ताडकन उठले. ती त्यांच्या बाजूने पळत जाऊन एका तरुणाच्या गळ्यात पडली. आप्पा बसले. डावीकडून "आप्पा!" आप्पा उठले. तळ्याच्या पलीकडून दोन जुळी एकदम "आप्पा, आप्पा!" डोंबिवलीत आप्पांना तीन हाकांनंतर ऐकू येतं. इथे अर्ध्या तासात अकरा उठाबशा झाल्या. घरी येताना म्हणाले, "माणसं लाघवी आहेत. पण बोलावून पुढे बोलत मात्र नाहीत."

नवऱ्याची गत त्याहून वाईट. कोरियन भाषेत 'बाबो' म्हणजे मूर्ख. आमचा लेक घसरगुंडीच्या टोकावरून "बाबा, येऽऽ" म्हणून ओरडला की बागेतली सगळी पोरं आधी त्याच्याकडे आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघतात, आणि बघून त्यांना पटल्यासारखं दिसतं. मी यावर काही बोललेले नाही. उरल्या आई. कोरियन भाषेत 'आई' म्हणजे मूल. त्यामुळे सत्तरीच्या सासूला मी भर रस्त्यात "अहो आई, हळू" म्हणते, तेव्हा ऐकणाऱ्याला ते किती कोवळं वाटत असेल! थोडक्यात, या देशात माझे सासरे जगाचे वडील आहेत, नवरा मूर्ख आहे, सासू बाळ आहे आणि आमचं आडनाव 'हो हो' आहे.

आईंना मात्र भाषेची अडचण पहिल्यापासून आलीच नाही. सुवॉनला हवासॉन्ग नावाचा किल्ला आहे, अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेला. त्याच्या दक्षिण वेशीला पालदालमुन म्हणतात आणि वेशीला लागून जुना भाजीबाजार भरतो. तिथे त्या एकट्या गेल्या आणि दीड तासाने पिशवी भरून आल्या.

"बोललात कसं?"

"मराठीत. ती बाई मराठीच बोलत होती."

खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. कोरियन माणूस 'ने' म्हणताना नाकातला आवाज पुष्कळदा इतका पुसट होतो की आपल्या कानाला तो 'दे' वाटतो. आईंनी पानांच्या जुडीकडे बोट दाखवलं, बाई म्हणाली "दे, दे." यांनी दहा हजारांची नोट दिली. (दहा हजार वोन म्हणजे आपले सहा-सातशे रुपये, पण नोटेवरची शून्यं बघून त्यांचा हात अजून थरथरतो.) मग बाई म्हणाली "ने, ने." यांनी जुडी उचलली.

"आधी दे म्हणते, मग ने म्हणते. व्यवहाराला किती स्वच्छ आहेत गं!"

"पण आठ जुड्या?"

"ती जितक्यांदा ने म्हणाली तितक्या घेतल्या. शिवाय वर दोन मिरच्या टाकल्यान मागितल्यावर. मावशी म्हटलं तिला."

हेही बरोबरच होतं. तिकडेही अशा बाईला 'इमो' म्हणतात, म्हणजे मावशीच. ती पानं निघाली केन्निपची. दिसायला विड्याच्या पानाची थोरली बहीण, कडा कातरलेल्या. कोरियन लोक त्यात मांस गुंडाळून खातात. आईंनी सोलमधल्या इतेवॉनच्या भारतीय दुकानातून आणलेलं बेसन चिंचगूळ घालून कालवलं, पानांना लावलं, वळकट्या केल्या आणि वाफवल्या. वड्या देखण्या झाल्या. चवीला पुदिना आणि बडीशेप एकमेकांच्या अंगावर धावून गेल्यासारखं लागत होतं. डबाभर वड्या शेजारी दिल्या आणि तिथूनच पुढचं प्रकरण सुरू झालं.

शेजारच्या बाई डबा परत द्यायला आल्या (रिकामा नाही, त्यात पेअरच्या फोडी), तरी दारातून हलेनात. बऱ्याच वेळाने त्यांनी फोनमधलं भाषांतराचं ॲप माझ्यासमोर धरलं. त्यावर हिंदीत लिहिलं होतं, 'आप दोनों भाई-बहन हैं?'

दोष पार्सलांचा. दारात येणाऱ्या खोक्यांवर कधी माझं नाव असतं, कधी नवऱ्याचं, आणि आडनाव दोन्हींवर एकच. कोरियात बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही, जन्माचं तेच मरेपर्यंत. त्यामुळे बाईंच्या हिशेबी बारा मजले चढून एक भाऊ आणि एक बहीण राहायला आले होते, आणि त्यांना सात वर्षांचा मुलगा होता. सहा महिने ही माऊली लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून गोड हसत आली होती. त्या हसण्यामागे केवढी सहनशक्ती असेल!

मी घाईघाईने खुलासा केला. बाईंचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी त्यांचे सासरे स्वतः आले, हाराबोजी, म्हणजे आजोबा. ते किम. पण कोरियात नुसतं किम पुरत नाही, कुठले किम हेही सांगावं लागतं. हे किमहे गावचे. किमहेचे किम आज ४० लाखांच्या वर आहेत, आणि एका आडनावाच्या, एका मूळ गावच्या मुलामुलीने लग्न करायला तिथे कायद्यानेच बंदी होती. १९९७ साली घटना न्यायालयाने ती बंदी अवैध ठरवली. ॲपमधून हे सगळं आप्पांपर्यंत पोचायला वीस मिनिटं लागली. आप्पा एका शब्दात म्हणाले, "सगोत्र."

मग दोघांचं जमलं. हाराबोजींनी कापडात बांधलेलं जाडजूड पुस्तक आणलं, चिनी लिपीतलं. त्याला 'जोकबो' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांची नावं, नुसती नावं. आप्पा उठले आणि बॅगेतून कुलवृत्तांत काढून आणला. (प्रवासाला निघताना आप्पा औषधं विसरतात, कुलवृत्तांत विसरत नाहीत.) दोन म्हातारे सोफा सोडून खाली जमिनीवर बसले. कोरियातली जमीन थंडीत खालून तापवलेली असते, त्यामुळे उठायचं कारणही नव्हतं. एकाने आपल्या पानावर बोट ठेवलं, दुसऱ्याने आपल्या. कुणालाच दुसऱ्याचं अक्षर वाचता येत नव्हतं आणि दोघंही भारावून 'ने, ने' करत होते. मी चहा ठेवताना वाकून पाहिलं. मुलींची सोय दोन्हींकडे सारखीच होती. लग्न झालं की ओळ संपली.

निघताना हाराबोजींनी विचारलं, आप्पा किती वर्षांचे? परवा पंचाहत्तर पूर्ण होतील, आम्ही सांगितलं. ते हसले आणि बोटांवर शहात्तर दाखवले. जुन्या कोरियन हिशेबात मूल जन्मतःच एक वर्षाचं असतं आणि पुढे सगळा देश एक जानेवारीला एकदम वाढतो. २०२३ च्या जूनमध्ये सरकारने कायद्याने आपल्यासारखं वय मोजायला लावलं, पण हाराबोजींना कोण लावणार? आप्पांचा चेहरा पडला. पंचाहत्तरी न करताच निघून गेली म्हणजे काय!

शिवाय दारातून हाराबोजी म्हणाले, आमची पहिली आजी तुमच्याकडची. किमहेला जाऊन या.

म्हणून गेलो. सोल ते बुसान ४०० किलोमीटर, वेगवान गाडीला पावणेतीन तासही लागत नाहीत. बुसान शेवटचं स्टेशन आहे हे सांगूनही आप्पा वीस मिनिटं आधी दारात जाऊन उभे. डोंबिवलीचं रक्त. बुसानहून किमहेला छोटी मेट्रो जाते, तिला चालक नसतो. अगदी पुढच्या काचेशी जागा मिळाली आणि आई मंदिरात बसावं तशा हात जोडून बसल्या. "मोटरमन कुठाय?" एवढंच एकदा विचारलं.

कथा अशी. इरयॉन नावाच्या बौद्ध भिक्षूने तेराव्या शतकात 'सामगुक युसा' हा ग्रंथ रचला. त्यात लिहिलंय की इसवी सन ४८ मध्ये 'आयुता' देशाची सोळा वर्षांची राजकन्या नावेतून इथे आली आणि तिने सुरो राजाशी लग्न केलं. आयुता म्हणजे अयोध्या असं बरेच जण मानतात. अभ्यासकांचं एकमत नाही, पण किमांचं आहे. समुद्र शांत राहावा म्हणून तिने नावेत दगड घातले होते. ते तिच्या समाधीजवळ एकावर एक रचून ठेवलेत, तांबूस, झिजलेले.

"एवढे दगड घेऊन आली?" आई म्हणाल्या. "आणि मी पाटा आणते म्हटलं तर तुम्ही सगळे ओरडलात."

मी समाधीपुढची माहिती फोनमधून वाचून दाखवत होते. राजकन्येचं नाव, हो ह्वांग-ओक.

"काय?"

"आडनाव हो. आणि ओक म्हणजे पाचू की जेड, तसं काहीतरी रत्न. इथे ओक आडनावाचे लोकही आहेत, अस्सल कोरियन. तेच अक्षर."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे वाचलं. परंपरा सांगते की राजाच्या दोन मुलांनी आईचं आडनाव लावलं. म्हणूनच किमहेचे किम आणि हो आपसांत सोयरीक करत नसत.

"दोन मुलांनी?" आई.

"दोन."

नवरा दगड मोजायला लागला.

परत येऊन आप्पांचा वाढदिवस सोलमध्ये करायचं ठरलं. कोरियन बौद्ध मठांच्या जेवणात मांस-मासळी नसतेच, कांदा-लसूणही नसतो. आमचा चातुर्मास बाराही महिने चालवणारी माणसं इथे निघतील असं आईंना वाटलं नव्हतं. तशा जेवणाच्या एका हॉटेलात खिडकीशी सहा पानं हवी होती, हाराबोजी धरून. फोन नवऱ्याने लावला. मी स्पीकरवर टाकायला लावला.

"नाव काय?"

"नेने."

"ने. नाव सांगा."

"नेने."

"ने?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे. आप्पा कुलवृत्तांत चाळत होते. त्याने आवंढा गिळला.

"ओक."

"आ, ओक-स्सी! ने, ने!" तीस सेकंदांत टेबल मिळालं, खिडकीशी.

फोन ठेवल्यावर कुणीच काही बोललं नाही. मग आईंनी स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली.

"जेवणापुरतंच हं," त्या म्हणाल्या.