मस्करी दोघांची, पिंजरा गावाचा

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. दोन्ही काठांचा ऊस सारखाच, सोयरिकीही सर्रास. तरी शिरूरकराची खोडी काढल्याशिवाय दौंडकराला चहा गोड लागत नाही, आणि उलटही तेच. दौंडकर म्हणणार, तुमच्या शिरूरला अजून रेल्वेची शिट्टी ठाऊक नाही. शिरूरकर म्हणणार, तुमचे जंक्शन मोठे खरे, पण मनमाडच्या कितीतरी गाड्या आता कॉर्ड लाइनवरून तुमच्याकडे न बघताच निघून जातात. इथपर्यंत सगळे रीतीला धरून आहे.

आजचे आपले नायक असेच दोन मित्र. शिरूर म्हणजे जुनी घोडनदी, म्हणून एक घोड्या. इंग्रज दौंडला धोंड लिहीत, म्हणून दुसरा धोंड्या. दोघेही काल्पनिक आहेत. तरी कोणाला हे आपल्यावरच लिहिले आहे असे वाटले, तर त्यांनी तसे खुशाल वाटून घ्यावे. दोघे रांजणगावच्या एमआयडीसीत एकाच शिफ्टला, जेवायला एकाच डब्यात.

सुरुवात घोड्याने केली. धोंड्याच्या वाढदिवसाला चौफुल्यावर फ्लेक्स लागला. फोटो नेहमीचा, गॉगल नेहमीचा, गळ्यातली चेनही तीच. फक्त ‘हार्दिक शुभेच्छा’च्या जागी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि ‘शुभेच्छुक’च्या जागी ‘शोकाकुल’. खाली मित्रपरिवाराचे दोन ओळी भरून चेहरे. त्यांतल्या एकालाही विचारलेले नव्हते आणि एकानेही तक्रार केली नाही. फ्लेक्सवर आल्याशी मतलब. धोंड्याची मावशी केडगावहून छाती पिटत आली, आणि भाचा मिसळ खाताना सापडल्यावर तिने त्याला जिवंत असल्याबद्दल दोन ठेवून दिल्या. खांब अर्थात विजेचा. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध राज्यात १९९५ पासून कायदा आहे, पण खांबाने अजून फिर्याद दिलेली नाही.

धोंड्याचा हिशेब आठवड्यात चुकता. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर मजकूर पडला: ‘कांदा बांधावर घेणार, बाजारभावापेक्षा पाच रुपये जास्त, रोख.’ खाली घोड्याचा नंबर. घोड्याचा फोन तीन दिवस थांबला नाही. एक बाबा तर फोन लागेना म्हणून पिकअप भरून दारातच येऊन उभे राहिले. घोड्याला हसू आवरेना, धोंड्याला व्हिडिओ कॉलवर हसू आवरेना. बाबांना मात्र ते आवरणे सोपे गेले, कारण पिकअपचे भाडे जाऊन-येऊन त्यांनाच भरायचे होते.

इथे आपल्याकडचे जुने जाणते म्हणतील, आमच्या वेळी नव्हते का हे? होते की. शिमग्यात शेजाऱ्याच्या गोवऱ्या पळवायच्या, अंगणातली बाज होळीत घालायची, आजोबांनी पाच पिढ्यांचा उद्धार करायचा. पण त्या बोंबेला तिथी होती. रंगपंचमी झाली की शिमगा संपला, शिवाय बाज कोणाची गेली आणि कोणी नेली हे गल्लीला ठाऊक असे. मोबाइलच्या शिमग्याला पंचांग नाही.

मग घोड्याने बिबट्या आणला.

शिरूर तालुक्यात बिबट्या हा मस्करीतला प्राणी राहिलेला नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन जीव गेले. त्यांत पाच वर्षांची मुलगी होती, तेरा वर्षांचा मुलगा होता. लोकांनी महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी पेटवली, शेवटी बिबट्याला गोळ्या घालाव्या लागल्या. माणसे गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जात होती. शेतकऱ्याला दिवसा वीज द्या, ही मागणी बिबट्याच्या निमित्ताने पुन्हा झाली, कारण मोटार चालू करायला रात्री उसात शिरायचे ते त्यालाच. आणि त्याच हंगामात पुण्यात एआयचे बिबटे निघाले. ते फोटो इतके फिरले की वनखात्याला कारवाईचा इशारा द्यावा लागला.

हे सगळे घोड्याला तोंडपाठ होते. म्हणूनच त्याने धोंड्याच्या गोठ्यापुढे बसलेला एआयचा बिबट्या गावच्या ग्रुपवर सोडला. बिबट्याच्या पुढच्या पंजाला सात बोटे होती, पण भीतीने बोटे मोजायची पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत निम्मी मुले नाहीत, खुरपणीच्या बाया बांधावरूनच माघारी, ऊसतोड बंद. वनखात्याची माणसे पिंजरा घेऊन आली. पिंजऱ्याला लागणारी शेळी गावाने वर्गणी काढून दिली. वनरक्षकाने दोन रात्री जागून काढल्या. त्यांतल्याच एका रात्री पलीकडच्या शिवारातून खऱ्या ठशांचा फोन आला होता, तिकडे जायला गाडी उरली नव्हती.

धोंड्या कसला ऐकतोय! त्याने ११२ फिरवला आणि घोड्याच्या घरात बिबट्या शिरल्याचे कळवले. पोलीस आले. घरात घोड्या एकटाच होता आणि तो घोरत होता. आवाज ऐकून हवालदार क्षणभर उंबऱ्यावर थबकला, इतकेच.

दोघांना ठाण्यात बसवले. ठाणे अंमलदाराने न्यायसंहिता समजावली: सरकारी नोकराला खोटी खबर दिली तर कलम २१७, एक वर्षापर्यंत कैद, घबराट पसरवणारी अफवा उठवली तर कलम ३५३, तीन वर्षांपर्यंत. दोघांनी एकमेकांच्या गळ्यात हात टाकले. “आमचं काही नाही साहेब, जिवलग मित्र आहोत. गंमत होती.”

“तुमचं काही नाही, ते दिसतंयच,” अंमलदार म्हणाला. “बाहेर ते बाबा पिकअपचं भाडं मागत बसलेत, त्यांचं बोला.”

बोलायला दोन पुढारी आले, आणि ‘पोरं आहेत’ या कलमाखाली प्रकरण मिटले. पोरे चौतीस वर्षांची आहेत. बाबांना भाड्याऐवजी चहा मिळाला. शेळी कोणाची, यावर ग्रामसभेत विषय निघाला, पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला.

सगळ्यांत कडक कारवाई ग्रुपच्या ॲडमिनने केली. यापुढे ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहील, असे कुलूप त्याने लावले. चौथ्या दिवशी पहाटे उसाच्या कडेला खरा बिबट्या दिसला. ज्याला दिसला त्याच्याकडे फोटो होता, बोटे बरोबर होती, पण ग्रुपवर टाकता येईना. त्याने ॲडमिनला फोनावर फोन लावले. ॲडमिन सोलापूरच्या गाडीत झोपला होता. सहाव्या फोनला जागा होऊन त्याने फोटो नीट मोठा करून पाहिला आणि उत्तर पाठवले: “घोड्याला सांग, या वेळी जास्त चांगला जमलाय.”