क्वांटमवाला

क्वांटमवाला ओळखायची खूण सोपी आहे: त्याच्या कंपनीत क्वांटम कॉम्प्युटर नसतो. ज्याच्याकडे तो असतो तो हार्डवेअरवाला; ती जमात वेगळी, तिला फ्रीजची आणि हेलियमची काळजी. आपला गृहस्थ अल्गोरिदम करतो, आणि तेही 'निअर-टर्म'. बाणेरच्या को-वर्किंगमधलं एक टेबल, एक फळा, दोन पीएचड्या आणि एक एमबीए एवढं त्याचं भांडवल. एमबीएला गणित कळत नाही, म्हणून पैशांची बोलणी तोच करतो.

हा मूळचा आयसर किंवा टीआयएफआरच्या वळणाचा. पुढे परदेशात पोस्टडॉक. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६००३.६५ कोटी रुपये मंजूर केले आणि याने नोकरीचे अर्ज फाडून टाकले. नातेवाइकांनी बातमी आपापल्या परीने वाचली: "सरकारने याला सहा हजार कोटी दिले." त्यातले याच्या वाट्याला किती आले ते को-वर्किंगच्या मॅनेजरला विचारावं, भाड्यासाठी तो दर महिन्याला फोन करतो.

लग्नकार्यात मावशी याला हटकून गाठते. "काय रे, तुझ्या त्या मशीनने म्हणे बँकेचे पासवर्ड फुटतात?" दुसरा कुणी असता तर भाव खाल्ला असता. हा ताट खाली ठेवतो. पीटर शोर यांनी १९९४ साली मोठ्या संख्येचे अवयव पाडायची क्वांटम रीत दाखवली खरी. पण अशा संख्येवर बेतलेली २०४८ बिटांची किल्ली फोडायला २०१९ च्या हिशेबाने २ कोटी क्यूबिट (क्वांटम कॉम्प्युटरचे बिट) लागत होते, २०२५ च्या सुधारित हिशेबाने १० लाखांच्या आत, आणि आजच्या कामाच्या मशीनचे क्यूबिट शेकड्यांत मोजायचे. "म्हणजे नाही ना फुटणार?" "आत्ता नाही." "मग तू करतोस तरी काय?" गुंतवणूकदारही त्याला हेच विचारतात, फक्त जिलबी वाढत नाहीत.

तो करतो काटकसर. जॉन प्रेस्किल यांनी २०१८ मध्ये मोठी मशीन येईपर्यंतच्या या मधल्या काळाचं बारसं 'निस्क' असं केलं: पन्नासपासून काही शे क्यूबिट, आणि सगळे गोंगाटात. पंधरा मिलीकेल्व्हिनच्या थंडीत जपले तरी ते दर काही क्रियांमागे चुकतातच. गणित लांबलं की शेवटी उत्तराऐवजी नुसता खुळखुळाट हाती येतो. त्यामुळे सर्किटमधला एक गेट, म्हणजे एक क्रिया, वाचला की याला पगारवाढीचा आनंद होतो. अवघड तेवढा तुकडा क्वांटमकडे द्यायचा आणि बाकीची हमाली साध्या कॉम्प्युटरकडून करून घ्यायची, हा त्याचा खाक्या. या रीतीने २०१४ साली ब्रिस्टलच्या चमूने जो रेणू सोडवला त्यात इलेक्ट्रॉन होते दोन. साध्या लॅपटॉपवर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सुटतो, हे त्याला सांगू नका. माहीत आहे त्याला.

त्याचा डेमो एकदा पाहण्यासारखा असतो. चाकणचा कारखाना, सहा थांबे, एक टेम्पो: सर्वांत जवळचा रस्ता शोधा. जॉब न्यूयॉर्क राज्यातल्या पुकीप्सीच्या मशीनवर टाकला जातो. तिथे रांग. पर्चेसचे साहेब घड्याळ पाहतात, चहा येतो, बिस्किटं संपतात. हा टेबलाखाली मोबाइल धरून आपला नंबर किती आला ते पाहतो. शेवटी पडद्यावर उत्तर उमटतं. साहेब चष्मा वर करून म्हणतात, "आमचा ड्रायव्हर रोज याच रस्त्याने जातो." एमबीएचा चेहरा पडतो. क्वांटमवाला खुर्चीतून उठतो. "म्हणजे उत्तर बरोबर आलं!"

त्याचा खरा वैरी शेजारच्या टेबलावरची कंपनी नव्हे, साधा कॉम्प्युटर. २०१९ मध्ये गूगलने ५३ क्यूबिटांवर २०० सेकंदांत केलेल्या गणिताला महासंगणकाला १०,००० वर्षं लागतील असं म्हटलं. आयबीएमने लगोलग तो आकडा अडीच दिवसांवर आणला. २०२३ मध्ये आयबीएमने १२७ क्यूबिटांचा प्रयोग 'नेचर'मध्ये छापला, तर काही आठवड्यांतच इतरांनी तीच उत्तरं साध्या मशीनवर काढून दाखवली. अशी बातमी आली की एमबीए सुतकात जातो. आपला माणूस मात्र रात्री जागून साधी रीत स्वतःच आणखी घासतो, आणि सकाळी जाहीर करतो की ती आपल्या क्वांटम रीतीपेक्षा वेगवान निघाली.

पिच डेकवरून दोघांचं वाजतं ते इथेच. एमबीएच्या आलेखात क्वांटमची आणि साध्या कॉम्प्युटरची अशा दोन रेषा एकमेकींना छेदतात आणि छेदाखाली साल लिहिलेलं असतं. मोहर यायच्या आधी पेट्यांचा भाव फोडणाऱ्याचा आत्मविश्वास त्यात असतो. क्वांटमवाला ते साल पुसतो आणि तिथे एरर बार काढतो. बार इतका लांब निघतो की स्लाइडच्या बाहेर जातो.

हसून झालं, आता जमेची बाजू. ही काटकसर वाया जात नाही. फेजक्राफ्ट या ब्रिटिश कंपनीच्या संशोधकांनी २०२१ साली ५ बाय ५ च्या जाळीवरच्या इलेक्ट्रॉनांच्या गणिताच्या सर्किटची खोली, म्हणजे एकामागून एक करायच्या क्रियांचे थर, १२ लाखांवरून सुमारे ३,२०० वर आणली, तीही कागदावर. नवी बॅटरी किंवा नवा उत्प्रेरक या मार्गाने सापडलाच, तर मशीनइतकंच श्रेय अशा गेट वाचवणाऱ्यांचं असेल.

तेव्हा असा कुणी तुमच्या दारी आला तर चहा पाजा आणि एकच विचारा: "हेच गणित साध्या कॉम्प्युटरवर करून पाहिलंत का?" जो चिडेल त्याला चहा संपताच वाटेला लावा. जो न विचारताच ती स्लाइड उघडेल आणि आपण हरलो तो आकडा आधी दाखवेल, त्याच्याशी बिनधास्त करार करा. फक्त भाडं आगाऊ द्या.