पट्टी सरकते ना?

वेबसाइट ‘काढलेले’ शेठ तुमच्या ओळखीत असणारच. धंदा आजोबांनी काढलेला असतो, वेबसाइट यांनी. भेटेल त्याला मग एकच प्रश्न, ‘बघितली का?’ आमचे शेठ नाशिकच्या भांडीबाजारातले, तांब्या-पितळेच्या धंद्यातली तिसरी पिढी. त्यांना चुकून ‘हो’ म्हटलं की पुढचा प्रश्न तयार असतो, ‘पट्टी सरकत होती ना?’

पट्टीत शेठचा जीव आहे. पानाच्या माथ्यावर लाल अक्षरांत ‘सहर्ष स्वागत’ उजवीकडून येतं आणि डावीकडे जातं. वेबसाइट करणाऱ्या पोरानं सांगून पाहिलं, ‘शेठ, हे मार्की नव्वदच्या दशकातलं फॅड. एचटीएमएलच्या नव्या नियमांत बाद झालंय.’ शेठनी विचारलं, ‘पण सरकतं ना?’ सरकतं, हे पोराला नाकारता येईना. ब्राउझर अजून खपवून घेतात. मग काय! पट्टीपाठोपाठ फोटो सरकायला लागले. शेठ पुष्पगुच्छ देताना, शेठ पुष्पगुच्छ घेताना, शेठ फीत कापताना. वडिलांच्या तसबिरीपुढची समई लुकलुकायला लागली. भांडी मात्र स्थिर आहेत, कारण ती एका अवजड पीडीएफमध्ये आहेत. ती पीडीएफ उघडेपर्यंत दुकानात जाऊन भांडं घेऊन घरी येता येतं. उघडलीच तर आडवी दिसते.

आणि फोन नंबर सरकतो.

हा प्रकार एकदा अनुभवावाच. कागद-पेन घेऊन बसायचं. पहिल्या फेरीत पाच आकडे टिपून होतात, तोवर बाकीचे डाव्या कडेत गडप. दुसऱ्या फेरीत उरलेले पकडावेत म्हणून डोळे रोखले, की मध्येच दिवाळीच्या शुभेच्छांची चौकट उघडते. तेव्हा वैशाख चालू असतो. चौकटीची फुली पांढऱ्यावर पांढरी. ती सापडेपर्यंत नंबर गेलेला असतो. मोबाइलवर नंबरावर बोट ठेवून फोन लावायची सोय नाही, कारण तो नंबर म्हणजे चित्र. भाव बघायला जावं तर ‘भावासाठी संपर्क साधा’. संपर्काच्या फॉर्ममध्ये लग्नाचा वाढदिवस आणि फॅक्स नंबर सक्तीचे. म्हणजे अविवाहितानं कळशी घ्यायचीच नाही!

मी एकदा शेठना शहाणं करायला गेलो. म्हटलं, गूगलनं 2016 मध्ये सांगितलंय, पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर मोबाइलवरचे 53 टक्के लोक सोडून जातात. शेठ म्हणाले, ‘राहिलेले 47 खरे गिऱ्हाईक.’ मी स्टीव्ह क्रगचं ‘डोन्ट मेक मी थिंक’ हे पुस्तक पुढे केलं. वापरणाऱ्याला विचार करायला लावू नका, एवढंच त्याचं म्हणणं, हेही समजावलं. ‘विचार न करता भांडं नेणारा दुसऱ्या दिवशी बदलायला येतो,’ शेठ म्हणाले. शेवटी बू डॉट कॉमची गोष्ट काढली. नोव्हेंबर 1999 मध्ये लंडनहून कपड्यांचं हे ऑनलाइन दुकान थाटात उघडलं. कपडे गोल फिरवून दाखवायचं, मदतीला ‘मिस बू’ नावाची हलती बाई. त्या काळच्या डायल-अप जोडणीवर हे सगळं उघडताना लोकांचा जीव जायचा. सुमारे साडेतेरा कोटी डॉलर घालवून मे 2000 मध्ये दुकान बंद. दिवाळं निघायला कारणं बरीच होती, पण हा सोस त्यातलं एक. शेठनी सगळं मन लावून ऐकलं. ‘बाई हलत होती म्हणता?’ आणि पोराला फोन लावला.

आता याच माणसाला दुकानात बघा. वजनकाट्याचा आकडा गिऱ्हाइकाकडे वळवलेला. म्हातारी आत आली की न बोलता स्टूल पुढे. पितळेचं पातेलं मागितलं तर पहिला प्रश्न, ‘आंबट काही करणार का? मग कल्हई करूनच न्या, नाहीतर कळकेल.’ दुसरा प्रश्न, ‘किती माणसं?’ एवढ्यावर हवं तेच पातेलं समोर येतं. 2016 मध्ये गोदावरीचं पाणी बाजारात शिरलं, त्यानंतर दुकान पुन्हा लावताना मुलगा मांडणी बदलू म्हणत होता. शेठनी बदलू दिली नाही. ‘बायांचा हात सवयीनं तिकडंच जातो.’ क्रगच्या पुस्तकात याहून वेगळं काय आहे? पण दुकानात गिऱ्हाइकाचा चेहरा समोर असतो. कपाळावर आठी पडायच्या आत शेठचा हात दुसऱ्या भांड्याकडे गेलेला असतो. वेबसाइटसमोर कोण कंटाळलं, कोण चरफडत निघून गेलं, ते शेठना दिसत नाही. तिथं त्यांना दिसतात ते फक्त शेठ.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिला आजीकडे होती तसली पितळी पातेली हवी होती. वेबसाइटशी झटून झाल्यावर तिनं मलाच फोन केला. मी दुकानात जाऊन व्हिडिओ कॉल लावून दिला. शेठनी प्रत्येक पातेल्यात स्वतःचा पंजा ठेवून आकार दाखवला, फोनपाशी धरून टिचकी मारून आवाज ऐकवला, किलोचा भाव सांगितला. कुणाबरोबर येणार, बॅगेत जागा किती, हे विचारून एकात एक बसतील अशीच पातेली निवडली, म्हणजे तिकडे निघालेल्या तिच्या सासूबाईंच्या सामानात एकाचीच जागा जाईल. ‘नाव घालायचं का?’ भाची जरा थांबली. मग म्हणाली, आजीचं घाला. शेठनी ते माझ्यासमोर कोरलं, त्याचे पैसे लावले नाहीत, आणि कोरताना एक अक्षर बोलले नाहीत. एवढा वेळ गप्प बसलेले शेठ मी प्रथमच पाहत होतो.

त्याच आठवड्यात पोराचं वर्षाचं बिल आलं. एरवी दोन महिने रखडवणाऱ्या शेठनी ते तिथल्या तिथे चुकतं केलं. वेबसाइटमुळे थेट अमेरिकेचं गिऱ्हाईक आलं, हे ते आता बाजारभर सांगतात.