यान उतरताना घरच्यांनी कसं वागावं

परग्रहावर यान उतरवणं हे काही शे माणसांचं काम आहे आणि त्यांना त्यासाठी वर्षानुवर्षं शिकवलं जातं. ते उतरताना पाहणं हे कोट्यवधींचं काम, आणि त्याचा वर्ग मात्र कुठेच भरत नाही. मग ऐनवेळी गोंधळ उडतो. टाळ्या चुकीच्या जागी पडतात, कुणी पॅराशूट उघडल्यावरच झोपायला जातं, आणि सकाळी ग्रुपवर भलताच व्हिडिओ फिरतो. म्हणून नवशिक्यांसाठी ही मार्गदर्शिका. सरावासाठी नासाचा पर्सिव्हिअरन्स रोव्हर घेतला आहे. तो १८ फेब्रुवारी २०२१ला मंगळावर उतरला, म्हणजे आपल्याकडे १९ तारखेची पहाट, साधारण अडीच. शिवजयंतीची सुट्टी असल्यामुळे महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांना जागरणाची मुभा होती. दरवेळी अशी सोय होईलच असं नाही.

पूर्वतयारी

उड्डाणाच्या बरंच आधी नाव नोंदवून ठेवा. नासा हौशी लोकांची नावं चिपवर कोरून यानाबरोबर पाठवते. पर्सिव्हिअरन्सवर अशी १ कोटी ९ लाखांहून अधिक नावं गेली. त्याआधी २०१८मध्ये उतरलेल्या इनसाइटसाठी एकट्या भारतातून १ लाख ३८ हजारांहून अधिक नावं गेली होती आणि त्या यादीत अमेरिका, चीन यांच्यानंतर आपलाच नंबर होता. नाव दिलं की बोर्डिंग पास मिळतो. तो ग्रुपवर टाकावा, हाच त्याचा उपयोग. घरच्या सगळ्यांची नावं द्या, कुत्र्याचंही द्या. कुणी वारलेल्या आजीचं नाव दिलं तर त्याला हसू नका.

मग शेंगदाणे आणा. हा विनोद नाही. पासाडेनाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जेपीएलमध्ये, यान उतरण्याच्या वेळी शेंगदाणे खाण्याची प्रथा आहे. चंद्राकडे पाठवलेली पहिली सहा रेंजर यानं फसली. १९६४मध्ये सातव्याच्या वेळी नियंत्रण कक्षात शेंगदाणे वाटले गेले आणि मोहीम फत्ते झाली. तेव्हापासून अमेरिकेतले अव्वल अभियंते शेंगदाण्याशिवाय बसत नाहीत. आपल्याकडे इस्रोची मंडळी उड्डाणाआधी यानाची प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात आणि लगेच विज्ञाननिष्ठेवर वाद पेटतो. या वादात उतरणाऱ्या नवशिक्याने आधी शेंगदाण्यांबद्दलचं आपलं मत नक्की करावं. दोन्हीकडे एकच माप लावता आलं, तरच तोंड उघडावं.

ती सात मिनिटं

हा भाग नीट वाचा, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं.

यान मंगळाच्या वातावरणात शिरतं तेव्हा त्याचा वेग ताशी १९ हजार किलोमीटरच्या वर असतो. सात मिनिटांत तो शून्यावर आणायचा. आधी उष्णतेची ढाल, मग साडेएकवीस मीटर व्यासाचं पॅराशूट, मग अग्निबाण, आणि शेवटी हवेत तरंगणाऱ्या एका यंत्राने १,०२५ किलोचा रोव्हर दोरांनी अलगद खाली सोडायचा. हे सगळं यान स्वतःच करतं. पृथ्वीवरून कुणी काही करू शकत नाही, कारण त्या दिवशी मंगळावरून निघालेला संदेश इथे पोचायला अकरा मिनिटांहून थोडा जास्तच वेळ लागत होता.

आता हिशेब करा. ‘यान वातावरणात शिरलं’ हा संदेश ऐकून आपण श्वास रोखतो, तेव्हा यान जमिनीवर पोचून चार मिनिटं झालेली असतात, अखंड किंवा तुकड्यांत. दहावीच्या निकालाच्या दिवशी जे होतं तेच इथे होतं: मार्क केव्हाच पडलेले, छातीत धडधड मात्र आज. त्यामुळे ज्यांना देवाला काही सांगायचं असेल त्यांनी ते निदान वीस मिनिटं आधी सांगावं. उशिरा केलेला नवस फुकट जातो. तरी हात जोडायचे असतील तर जोडा. जेपीएलमधल्या लोकांनाही हा हिशेब पाठ असतो आणि त्यांचेही चेहरे पडद्यावर पाहण्यासारखे असतात.

टाळ्यांबद्दल. पॅराशूट उघडलं की नियंत्रण कक्षातली माणसं टाळ्या वाजवतात. नवशिक्याला वाटतं, झालं. काही झालेलं नसतं. थांबा. ‘टचडाउन कन्फर्म्ड’ हे शब्द आले की मगच उठायचं. २०१२मध्ये क्युरिऑसिटी रोव्हर मंगळावर उतरला तेव्हा जेपीएलच्या निळ्या शर्टातल्या मंडळींनी एकमेकांना मिठ्या मारल्या होत्या. २०२१मध्ये कोविड होता, तेव्हा मास्क लावून, मुठीला मूठ टेकवून भागवावं लागलं. घरी मात्र अशी बंधनं नाहीत. फक्त शेजारी अडीच वाजता झोपलेले असतात, एवढं लक्षात असू द्या.

आपलं माणूस शोधणे

यान सुखरूप उतरलं की पुढच्या पाच मिनिटांत पडद्यावर आपलं माणूस शोधायचं असतं. पर्सिव्हिअरन्सच्या वेळी ते सोपं गेलं. ‘टचडाउन कन्फर्म्ड’ म्हणणाऱ्या अभियंत्याच स्वाती मोहन होत्या आणि त्यांच्या कपाळावर टिकली होती. त्या बंगळुरूत जन्मल्या आणि वर्षाच्या असतानाच अमेरिकेला गेल्या. पण टिकली दिसली आणि भारतात मोहीम फत्ते झाली. रोव्हरला दिशा आणि तोल देणाऱ्या यंत्रणेवर त्यांनी कित्येक वर्षं काम केलं होतं, हे मात्र ग्रुपवर फारसं कुणी लिहिलं नाही. नियम असा: टिकलीबद्दल एक ओळ लिहिली, तर कामाबद्दलही एक लिहा. जमत नसेल तर दोन्ही राहू द्या.

२३ ऑगस्ट २०२३ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी इस्रोचा विक्रम लँडर चंद्रावर उतरला, तेव्हा शोधाशोध करावीच लागली नाही. सगळेच आपले. यूट्यूबवर एका वेळी ८० लाखांहून अधिक लोक ते पाहत होते. अशा प्रसंगी प्रत्येक घरात एक काका ‘चंद्र हा ग्रह नाही, उपग्रह आहे’ असं सांगतात. ते बरोबर आहेत. त्यांना पेढा द्या.

पहिला फोटो

तो वाईटच असतो, याची मनाची तयारी ठेवा. काळा-पांढरा, धूळ बसलेला, कडेला चाकाची सावली. हा खाली लावलेल्या साध्या कॅमेऱ्यातून, काचेवरचं झाकणसुद्धा न काढता घेतलेला असतो. पुढे काही धोका नाही ना, एवढंच बघण्यासाठी. ‘पावणेतीन अब्ज डॉलर घालवून हा फोटो?’ असं म्हणण्याचा मोह आवरा. तीन-चार दिवस कळ काढा. पर्सिव्हिअरन्सने उतरतानाची खरी चित्रफीत नंतर पाठवली आणि तिच्यातल्या पॅराशूटचे लाल-पांढरे पट्टे वेडेवाकडे का आहेत, असा प्रश्न लोकांना पडला. काही तासांतच त्यांनी उत्तर काढलं: पट्ट्यांत द्विमान संकेतात ‘डेअर मायटी थिंग्ज’ हे जेपीएलचं ब्रीद लिहिलं होतं आणि कडेला त्यांच्याच कार्यालयाचे अक्षांश-रेखांश. माझ्या मते सगळ्या जनप्रतिक्रियांमधली ही सर्वांत देखणी. कुणी कुणाला शिव्या दिल्या नाहीत, लोक कागद-पेन्सिल घेऊन बसले.

फोटोत चेहरे, दारं, खेकडे दिसू लागले तर घाबरू नका, दिसणारच. १९७६मध्ये व्हायकिंग यानाच्या फोटोत एक चेहरा दिसला आणि पंचवीस वर्षं पुरला. २०२२मध्ये क्युरिऑसिटीला एक ‘दार’ दिसलं, ती खडकातली फूटभर उंचीची भेग निघाली. आणि ‘२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा निरोप दरवर्षी येतो. तो आला की फक्त पाऊस अजून संपला नाही एवढंच समजावं.

पैसे आणि खड्डे

पहिल्या फोटोनंतर पैशाचा विषय निघतो. मंगळयानाला साडेचारशे कोटी लागले, हॉलिवुडच्या ‘ग्रॅव्हिटी’ चित्रपटाला त्याहून जास्त. हे वाक्य पाठ करा, कुठेही चालतं. २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या भाषणात पंतप्रधानांनी रिक्षाचा हिशेब मांडला होता: अहमदाबादेत किलोमीटरला दहा रुपये, मंगळाला सात. पुण्यातल्या वाचकांनी हा हिशेब रिक्षावाल्यापुढे मांडू नये. तसंही मंगळयान मंगळाभोवती फिरत होतं, उतरलं नव्हतं. तेव्हा शेवटचा टप्पा चालतच जावं लागलं असतं.

दुसरी बाजू खड्ड्यांची. २०१९मध्ये चांद्रयान-२ उतरायचं होतं त्याच्या काही दिवस आधी बंगळुरूचे कलाकार बादल नंजुंडस्वामी यांनी अंतराळवीराचा पोशाख घालून शहरातल्या खड्ड्यांतून सावकाश चालत चित्रफीत केली. ती लोकांना चंद्रावरचीच वाटावी इतकी छान होती. तो विनोद महापालिकेवर होता. पण त्याचा आधार घेऊन ‘आधी खड्डे बुजवा, मग चंद्रावर जा’ असं म्हणणाऱ्यांना एकच विचारा: यान रद्द झाल्यामुळे डांबरी झालेला एक रस्ता दाखवा. खड्ड्यांचं कंत्राट इस्रोकडे नसतं.

मंगळदोषाबद्दल विचारणाऱ्यांसाठी: ग्रहावर आता अमेरिकेची आणि चीनची वाहनं उभी आहेत, तरी पत्रिकेतलं घर बदललेलं नाही.

फसलं तर

आधीच फटाके आणू नका आणि दोष द्यायची घाई करू नका. ब्रिटनचं बीगल-२ २००३च्या नाताळात मंगळावर उतरणार होतं. त्याची हाक म्हणून ब्लर या बँडने धून करून दिली होती. हाक आलीच नाही. प्रमुख शास्त्रज्ञ कॉलिन पिलिंगर यांना पुढे बरीच टीका ऐकावी लागली. २०१५मध्ये कक्षेतून घेतलेल्या फोटोंत यान सापडलं: ते सुखरूप उतरलं होतं, फक्त सौरपंख पूर्ण उघडले नव्हते. पिलिंगर आदल्या वर्षी वारले होते.

आणि यंत्र मेलं की रडू येतं, येऊ द्या. २०१९मध्ये मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी रोव्हरची मोहीम संपली, तेव्हा ‘माझी बॅटरी संपत आलीय आणि अंधार पडतोय’ हे त्याचे शेवटचे शब्द जगभर फिरले. ते एका पत्रकाराने आपल्या शब्दांत मांडलेलं सार होतं. रोव्हरने पाठवले ते आकडे होते.

त्यानंतर

इथे बहुतेक मार्गदर्शिका संपतात, कारण प्रेक्षक उठून गेलेले असतात. पर्सिव्हिअरन्सबरोबर गेलेलं छोटं हेलिकॉप्टर, इंजेन्युइटी, पाच उड्डाणांसाठी बनवलं होतं. पहिल्या उड्डाणाला जगभर टाळ्या पडल्या. त्याने बहात्तर केली. शेवटचं जानेवारी २०२४मध्ये. बहात्तराव्याला कुणी शेंगदाणे आणल्याचं ऐकिवात नाही. रोव्हरने गोळा केलेल्या एका खडकात प्राचीन सूक्ष्मजीवांची खूण असू शकेल, असं नासाने सप्टेंबर २०२५मध्ये जाहीर केलं. तपासायचा तर तो पृथ्वीवर आणायला हवा, आणि तो आणण्याची योजना पैशावाचून अडली आहे.

रोव्हरचे कच्चे फोटो नासा सगळ्यांसाठी खुले ठेवते. त्यासाठी तिकीट नाही, जागरण नाही. बघत चला.