जगात जर्मनी, सोबत मी

जर्मनीला बायको चालली आहे. मी तिच्यासोबत चाललो आहे. या दोन वाक्यांत केवढा फरक आहे, हे परभणीत मी अजून कुणाला कळू दिलेलं नाही.

ती परिचारिका. रात्रपाळ्या करून बी-टू पातळीपर्यंत जर्मन शिकली, स्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयानं तिची मुलाखत घेतली आणि नेमणूकपत्र धाडलं. मी इतिहासाचा प्राध्यापक, तासिका तत्त्वावर. म्हणजे नावामागे ‘प्रा.’ लावायचं आणि मानधनाची चौकशी दिवाळीला करायची. व्हिसाच्या कागदात माझी ओळख ‘पती’ एवढीच. पण वसमत रोडला टपरीवर ‘जर्मनीला चाललोय, कायमचा’ असं म्हटलं की समोरचा आपसूक चहाचे पैसे देतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही लहानपणापासून छाती काढून म्हणत आलो. दोन्हीकडचा रहिवासी होण्याचा मान मला मिळत असेल तर खुलासे करत कोण बसणार?

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून जर्मनीला कोण लागतं हे गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहे: नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर. यादी मी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. इतिहासाचा प्राध्यापक कुठल्याच बाजूनं सापडला नाही.

कागदपत्रांवर जास्त लिहीत नाही. माझ्या जन्माच्या नोंदीत नावाची जागा कोरी आहे, फक्त ‘पुरुष’ लिहिलंय. एवढ्यावर समाधान मानून मी इतकी वर्षं जगलो. परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिलचा शिक्का बहुतेक देशांत चालतो. पण ज्या हेग करारामुळे तो चालतो त्यात भारत 2005 मध्ये गेला तेव्हा जर्मनीनं आक्षेप नोंदवला, म्हणून आपला शिक्का तिथं चालत नाही. भारतात परभणीला कुणी विचारत नाही याची सवय होती. जर्मनीत भारताचीही तीच गत बघून जरा बरं वाटलं.

खरी तयारी सामानाची. आणि सामान म्हटलं की सत्कार आले, सत्कार आले की नारळ.

आमच्याकडे माणूस गाव सोडतोय म्हटलं की त्याला शाल आणि श्रीफळ दिल्याशिवाय कुणी जाऊ देत नाही. गल्लीच्या गणेश मंडळानं केला, भिशीवाल्यांनी केला, सासुरवाडीनं केला. फ्लेक्सवर माझा गॉगलमधला फोटो, खाली ‘जर्मनी प्रयाणानिमित्त हार्दिक अभिनंदन’, आणि कोपऱ्यात, तिकिटाएवढी, जिच्यामुळे हे प्रयाण घडतंय ती. कार्यक्रमात ती दुसऱ्या रांगेत बसायची आणि मी ‘जागतिकीकरण आणि मराठवाड्याचा तरुण’ यावर बोलायचो. घरी आल्यावर ती एवढंच विचारायची, “नारळ कुठं ठेवू?”

नारळ देवघरात, माळवदावर, पलंगाखाली झाले. माय प्रत्येक नारळ कानाशी धरून हलवून बघते. पाणी वाजलं तर डावीकडे, नाही वाजलं तर उजवीकडे. उजवीकडची रास मोठी. सत्काराचा नारळ कुणी फोडत नाही, तो पुढच्या सत्काराला जातो, हे सगळ्यांना माहीत असतं, पण पुरावा नसतो. मला मिळाला. एका नारळाच्या शेंडीखाली निळ्या बॉलपेनची फुली होती. ती मायची खूण. किराणा आणला की ती मोजून फुल्या मारते. हा नारळ मी एका मुख्याध्यापकांना निवृत्तीला दिला होता. तेवढ्यात तो किती बारशी-मुंजी हिंडून आला असेल देव जाणे. जर्मनीला जायचा पहिला हक्क खरं तर त्याचाच.

आणि त्याला जाताही येतं! मी नियम काढून वाचले. युरोपीय संघात प्रवाशाला दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे सासूबाईंचं साजूक तूप बाद, पेढे बाद. फळं, बियाणं न्यायचं तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र हवं. आंबा अडला, ज्वारीचं बियाणं अडलं. सूट फक्त पाच फळांना: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. अख्ख्या युरोपनं माझ्या सत्काराची सोय करून ठेवली आहे. मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं. बायको म्हणाली, “तेवीस किलोत तवा, कुकर, काळा मसाला अन् माझे बूट बसवायचेत. तुम्ही नारळ न्या, तुमच्या मांडीवर.”

या सगळ्या सत्कारांत एक शब्द मात्र मला टोचायला लागला. हार घालताना जो तो कानाशी लागून म्हणतो, “सुटलास लेका!” ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणणारं हे आमचंच गाव. ज्याचं कुठं जमलं नाही तो इथला, असं स्वतःच्याच तोंडानं सांगणारं. कशातून सुटलो? ज्या कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर सायकल शिकलो त्यातून? की इथंच राहून दर सोमवारी तासाच्या हिशोबानं शिकवायला जाणार असलेल्या माझ्या मित्रांमधून? त्यांचा सत्कार कधी कुणी केला नाही. तेच माझ्या कार्यक्रमाला खुर्च्या मांडत होते.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, सत्कार केला नाही. ते मला बोरीच्या अलीकडच्या आमच्या शेतावर घेऊन गेले. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयाला इथं शेतजमीन विकत घेता येत नाही. असलेली ठेवता येते, वारसानं आलेली घेता येते. मी त्यांना हे प्राध्यापकी थाटात, मुद्दे मोजत समजावलं. बँकेतलं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं, करावं लागेल, तेही सांगितलं. ते बांधावर बसून ऐकत होते.

“म्हंजे इकत घ्यायची नाही, मी बक्षीस लिहून दिली तरी घ्यायची नाही. मी गेल्यावरच यायची तुझ्याकडं.”

मला मुद्दा क्रमांक चार आठवेना. अण्णा धोतर झटकत उठले. “चल. हरभऱ्याला पाणी द्यायचंय, लाइट रातच्यालाच हाय या हप्त्यात.”

आता बॅगा भरून झाल्या आहेत. जिंतूर रोडनं तुमचं जाणं झालं तर आमच्याकडे डोकवा. अण्णांशी पावसाचं बोला, सोयाबीनच्या भावाचं बोला, जर्मनीचा विषय काढू नका. निघताना माय नारळ देईलच. तो घ्या, पण कृपा करून पुढं कुणाच्या सत्काराला देऊ नका. घरी नेऊन फोडा.